लुंबिनीला जाताना पेटीतले कागद

वैशाख पौर्णिमा जवळ आली की विश्रांतवाडी, धानोरी, कळस, फुलेनगर या आपल्या भागात यात्रेच्या गोष्टी सुरू होतात. कुणी भिशीतून पैसे साठवलेले असतात, कुणाचा मुलगा नुकताच नोकरीला लागून आईला म्हणालेला असतो, यंदा तुला बुद्धगया दाखवतो. मी एका खाजगी कंपनीत कारकून आहे. बी.कॉम. झालो असल्यामुळे म्हणा किंवा अक्षर बरे असल्यामुळे म्हणा, वस्तीतल्या लोकांचे फॉर्म भरून देण्याचे काम गेली वीस वर्षे माझ्याकडे आहे. रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, निराधार पेन्शन यांच्या जोडीला अलीकडे लुंबिनीच्या यात्रेचे कागदही आले आहेत.

बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी या चार ठिकाणांपैकी पहिली तीन आपल्या देशात आहेत. चौथे नेपाळात. पुण्याहून गोरखपूरला थेट गाडी आहे. गोरखपूरहून मोटारीने सोनौलीला जायचे, हद्द ओलांडून बेलहियात पाय ठेवायचा, भैरहवा घ्यायचे आणि तिथून वीस-बावीस किलोमीटरवर लुंबिनी. इतके जवळ आणि इतके सोपे असल्यामुळे आपल्या लोकांना वाटते, नेपाळ म्हणजे परदेश नव्हेच. व्हिसा नाही, पासपोर्टची सक्ती नाही, मग कागदाची काळजी कशाला? खिशात आधारकार्ड आहे ना, झाले तर.

इथेच घोळ होतो.

भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत मैत्रीचा करार झाला. त्या करारापासून दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात जाण्या-येण्याची, राहण्याची, कामधंदा करण्याची मोकळीक आहे. व्हिसा लागत नाही तो त्यामुळे. पण व्हिसा लागत नाही याचा अर्थ कागद लागत नाही असा नाही. आपण भारताचे नागरिक आहोत हे दाखवावे लागते. १९९९ च्या डिसेंबरमध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या विमानाचे अपहरण झाले, त्यानंतर विमानाने जाणाऱ्यांची तपासणी कडक झाली. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या नियमाप्रमाणे १५ ते ६५ या वयातल्या भारतीय माणसाजवळ दोनपैकी एक कागद हवा. चालू मुदतीचा पासपोर्ट, नाहीतर निवडणूक आयोगाचे फोटो असलेले मतदार ओळखपत्र. या वयात आधार चालत नाही. पॅनकार्ड चालत नाही, गाडीचे लायसन्सही नाही.

"आधार का चालत नाही हो? बँकेत चालतं, सिमकार्डाला चालतं, दवाखान्यात चालतं," असे मला प्रत्येक यात्रेच्या वेळी विचारतात. त्यांना मी त्यांचेच आधारकार्ड काढायला सांगतो आणि त्यावरची बारीक अक्षरे वाचून दाखवतो. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही, हे सरकारने स्वतःच त्यावर छापले आहे. आधार रहिवाशाला मिळते, मग तो कुठल्याही देशाचा असो.

हे नीट समजायचे असेल तर आपल्या शेजाऱ्यांकडे पाहा. धानोरीच्या सोसायट्यांच्या फाटकांवर कितीतरी नेपाळी भाऊ पहारा करतात. कुणी पंधरा वर्षे इथे आहे, कुणी वीस. बायको जवळपासच्या घरांत स्वयंपाक करते, मुले इथल्या शाळेत मराठी शिकतात. १९५० च्या कराराने ते इथले कायमचे रहिवासीच झाले म्हणा. त्यांच्यातल्या काहींजवळ आधारही आहे. पण ते इथे मत देत नाहीत, कारण ते नागरिक नेपाळचे आहेत. गावी विमानाने जायचे तर ते आपल्या सरकारचे नागरिकता प्रमाणपत्र दाखवतात. त्यांचे आधार आणि आपले आधार शेजारी ठेवले तर हद्दीवरच्या माणसाला फरक काय कळणार? मतदार ओळखपत्राने तो कळतो. मत फक्त नागरिकाला आहे.

आता आमच्या वस्तीतल्या एका मावशींची गोष्ट सांगतो. मूळच्या त्या मराठवाड्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होत्या, तेव्हा कडेवर पहिले पोर होते. पुढे नवऱ्याबरोबर पुण्याला आल्या आणि इथल्याच झाल्या. आधारकार्ड काढायच्या रांगेत समोरच्या मुलाने जन्मतारीख विचारली. या म्हणाल्या, मला काय ठाऊक. त्याने चेहऱ्याकडे पाहून १ जानेवारी १९६३ टाकून दिली. आपल्याकडे निम्म्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस १ जानेवारीला असतो आणि शाळेत गेलेल्यांचा १ जूनला, कारण गुरुजींनी शाळा उघडायच्या बेताने तारीख घातलेली असते. हसण्यावारी न्यायची गोष्ट खरी, पण मावशींना ती नडली.

मुलाने हौसेने दिल्ली-काठमांडू विमानाचे तिकीट काढले. तिकीट देणाऱ्या एजंटाने सांगितले होते की म्हाताऱ्या माणसाला आधार चालते. हे अर्धे खरे आहे. ६५ वर्षांवरील आणि १५ वर्षांखालील माणसांना सवलत आहे, त्यांना वय आणि ओळख पटवणारा फोटोचा कोणताही सरकारी कागद चालतो, त्यात आधारही येते. पण मावशी कागदावर अजून पासष्टीच्या आत होत्या. दिल्लीच्या खिडकीवरच्या मुलीने तारीख पाहिली आणि मतदार कार्ड मागितले. ते नव्हते. वस्ती उठून नव्या इमारतीत गेली तेव्हा मतदार यादीतून नाव गळाले होते आणि मागच्या दोन निवडणुकांत त्या यादीत नाव न सापडून परतल्या होत्या. मुलाजवळ पासपोर्ट होता. मावशी त्या मुलीला म्हणाल्या, "अगं बाई, बाहत्तरच्या दुष्काळात माझ्या कडेवर पोरगं होतं. हे तुझं कार्ड खरं मानलं तर मी नवव्या वर्षी आई झाले का?" त्या पोरीजवळ उत्तर नव्हते, पण तिला विमानात बसवण्याचा अधिकारही नव्हता. मायलेक परत आले. तिकिटाचे पैसे गेले.

त्यांना एक गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर निदान बोलायला जागा होती. कुटुंब एकत्र जात असेल तर सगळ्यांजवळ पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असलेच पाहिजे असे नाही. घरातल्या एका मोठ्या माणसाजवळ ते असले आणि बाकीच्यांजवळ फोटोची ओळख आणि नात्याचा पुरावा असला, तर नियमात सोय आहे. नात्याच्या पुराव्यात रेशनकार्ड धरले जाते. मावशींचे नाव मुलाच्या रेशनकार्डावर होते आणि ते रेशनकार्ड विश्रांतवाडीत पत्र्याच्या पेटीत होते. विमानाने जायला रेशनकार्ड न्यावे असे कुणाच्या मनात येईल?

परत आल्यावर त्या तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, मला आधी मतदार करा." आम्ही नमुना ६ भरला. यादीत नाव नसेल किंवा गळाले असेल तर हाच नमुना. नाव आहे पण चुकलेले आहे, पत्ता बदलला आहे, कार्ड हरवले आहे, यासाठी नमुना ८. दोन्हीला एक पैसा लागत नाही, कुणी शंभर रुपये मागत असेल तर देऊ नका. आपला भाग वडगाव शेरी विधानसभेत येतो. प्रत्येक बूथला एक अधिकारी नेमलेला असतो, त्याला बीएलओ म्हणतात, बहुधा शाळेतले शिक्षक किंवा अंगणवाडीतल्या ताई असतात. ते सापडले नाहीत तर १९५० हा फोननंबर आहे. कराराचे साल आणि मतदारांच्या मदतीचा नंबर एकच, एवढे लक्षात ठेवले की दोन्ही गोष्टी विसरत नाहीत. मावशींचे कार्ड पोस्टाने यायला दोन-अडीच महिने लागले. म्हणून सांगतो, यात्रेची तारीख ठरवायच्या आधी कार्डे पाहा.

पासपोर्ट काढावा का, असेही पुष्कळ जण विचारतात. जमत असेल तर जरूर काढावा. श्रीलंका, थायलंड, म्यानमार कुठेही जायचे तर त्यावाचून पान हलत नाही. मुंढव्याला पासपोर्ट सेवा केंद्र आहे, साध्या पासपोर्टला दीड हजार रुपये, साठी ओलांडलेल्यांना दहा टक्के सूट. पण चार माणसांच्या घरात सहा हजार रुपये एका लुंबिनीसाठी घालवण्याची गरज नाही. मतदार कार्ड १९९३ साली निघाले तेव्हा ते बोगस मतदान थांबवायला निघाले होते. गरिबाला फुकट मिळणारे आणि देशाबाहेर नेऊन परत आणणारे असे दुसरे कार्ड माझ्या पाहण्यात नाही. तरी आपल्या घरांतून ते पुरुषांचे असते आणि बायकांचे नसते, किंवा माहेरच्या नावाचे असते. एकीच्या कार्डावर "सुमन", आधारवर "सुमनबाई", रेशनवर नवऱ्याने हाक मारायचे नाव. ही नावे आधी एक करा.

१५ ते १८ वयाची मुले मधेच राहतात. त्यांना मतदार कार्ड मिळत नाही आणि बालकांची सवलतही नाही. त्यांच्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांच्या सहीचे ठरावीक नमुन्यातले ओळखपत्र लागते. ते सुट्टी लागायच्या आत घ्या, मे महिन्यात मुख्याध्यापक सापडत नाहीत.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांचाही प्रश्न आता आपल्या घरांतून येऊ लागला आहे, आणि याचा मला आनंद आहे. एका निवृत्त गिरणी कामगाराचा मुलगा अमेरिकेत इंजिनिअर आहे. सुट्टीत आला आणि आईवडिलांना लुंबिनीला न्यायचे म्हणाला. त्याने ग्रीनकार्ड पुढे केले. मी म्हटले, ग्रीनकार्ड म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, तू अजून भारताचाच नागरिक आहेस, नेपाळला तुझा भारतीय पासपोर्ट पुरे. ग्रीनकार्ड मात्र जपून ठेव, ते अमेरिकेत परत शिरताना लागेल. पण ज्याने तिथले नागरिकत्वच घेतले त्याची गोष्ट निराळी. त्याच्याजवळचे ओसीआय कार्ड भारतात आयुष्यभर येण्यासाठी आहे, त्याने तो भारताचा नागरिक होत नाही. नेपाळ त्याला परदेशी मानते. त्याला आपल्या परदेशी पासपोर्टवर नेपाळचा व्हिसा घ्यावा लागतो, पंधरा दिवसांचा तीस डॉलरला, तो हद्दीवरही मिळतो. एकाच घरातली आई मतदार कार्डावर जाते आणि मुलगा व्हिसाच्या रांगेत उभा राहतो.

पैशाविषयी एवढेच, की शंभराच्या नोटा न्या. मोठ्या नोटांचे नियम तिकडे अनेकदा बदलले आहेत. २०१६ च्या नोटाबंदीत नेपाळच्या लोकांजवळच्या आपल्या जुन्या नोटा तशाच पडून राहिल्या, त्यामुळे तिथला दुकानदार पाचशेची नोट पाहून बिचकतो. खाजगी बस करून जाणार असाल तर बसचा नेपाळी परवाना, ज्याला तिकडे भन्सार म्हणतात, तो बेलहियात काढावा लागतो आणि त्यात दोन-तीन तास सहज जातात. नेपाळात कागद हरवले तर काठमांडूला लैनचौरात आपला दूतावास आहे, तिथून परत येण्यापुरते प्रमाणपत्र मिळते. म्हणून झेरॉक्स वेगळ्या पिशवीत ठेवा.

मावशी पुढच्या हिवाळ्यात आमच्याबरोबर रेल्वेने आल्या. सोनौलीच्या गर्दीत त्यांनी मतदार कार्ड हातात धरले होते, पदराने पुसून. नेपाळात शिरताना कुणी ते मागितलेच नाही. तेव्हा त्या चक्क रागावल्या. लुंबिनीत अशोकाच्या स्तंभापाशी मी त्यांना सांगितले की १८९६ साली हा स्तंभ उजेडात आला, त्यावरच्या ब्राह्मी अक्षरांत लिहिले आहे की शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले आणि म्हणून या गावाचा कर कमी केला. मावशी बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "यांचा दाखला तरी बरोबर लिहिलाय."

परतताना सशस्त्र सीमा बलाच्या जवानाने थांबवले आणि कार्ड मागितले. मावशींनी ते पुढे केले, त्याने फोटो पाहिला, चेहरा पाहिला आणि "जाइए माताजी" म्हणाला.

दर रविवारी संध्याकाळी वंदना झाल्यावर मी विहारात बसतो. यात्रेला जाणाऱ्यांनी घरातल्या सगळ्यांचे कागद घेऊन यावे. जुने काळेपांढरे मतदार कार्ड, ज्यावर एम.टी. ने सुरू होणारा लांबलचक नंबर असतो, ते फेकून देऊ नका. आताच्या कार्डांना दहा अक्षरी नवा नंबर आहे, पण जुन्यावरून यादीतले नाव शोधायला सोपे जाते.