सरावातला मृत्यू

क्लॉड अॅश्टनच्या नावावर इंग्लंडसाठी एकच फुटबॉल सामना आहे. २४ ऑक्टोबर १९२५, बेलफास्ट, समोर आयर्लंड, निकाल ०-०. त्या एकुलत्या एका सामन्यात तो कर्णधार होता, हे त्यातलं विशेष. कर्णधार म्हणून आला, गोल झाला नाही, पुन्हा बोलावणं आलं नाही. आपल्याकडे अशा खेळाडूला ‘एका सामन्याचा राजा’ म्हणून चिडवलं असतं.

पण माणूस एका सामन्याचा नव्हता. जन्म कलकत्त्याचा, १९०१ सालचा. केंब्रिजमध्ये फुटबॉल, हॉकी, क्रिकेट तिन्ही खेळला. तिथल्या क्रिकेट संघाचं कर्णधारपद १९२१, २२ आणि २३ अशी सलग तीन वर्षं अॅश्टनांच्या घरात होतं. आधी गिल्बर्ट, मग ह्युबर्ट, मग हा धाकटा क्लॉड. पुढे एसेक्सकडून क्रिकेट आणि कोरिंथियन या हौशी क्लबाकडून फुटबॉल. मूळचा आघाडीचा खेळाडू, पण वेळ पडली तर गोलरक्षक म्हणूनही उभा राहायचा. मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त हेच आवडतं. गोल करणाऱ्याला गोल अडवण्याच्या कामाचं सहसा अप्रूप नसतं.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. तरी हवाई दलात गेला. ३१ ऑक्टोबर १९४२ रोजी वेल्समधल्या कार्नार्व्हनजवळ हवेत दोन विमानं एकमेकांवर आदळली आणि तो गेला. त्याच अपघातात रॉजर विन्लॉही गेला. तोही केंब्रिजचा क्रिकेटपटू आणि शाळाही दोघांची एकच, विंचेस्टर. शत्रूचा तिथे संबंधच नव्हता. सराव चालला होता.

बंगळुरात राहून ही गोष्ट वाचली की ती लांबची वाटत नाही. जुन्या विमानतळ रस्त्याच्या बाजूला संध्याकाळी मैदानावर पोरं खेळत असतात. प्रशिक्षक एकाच पोराला तोच पास दहा वेळा द्यायला लावतो. चेंडू कधी कुंपणाला लागतो, कधी थेट गटारात. पोरगं हसत आणायला पळतं. वरून एचएएल या विमान कारखान्याचं विमान कानठळ्या बसवत जातं, तेव्हा प्रशिक्षकाचा ओरडा तेवढा ऐकू येत नाही, बाकी कुणाला काही फरक पडत नाही. फुटबॉलचा सराव म्हणजे चुकायची मुभा. वैमानिकाच्या सरावात ती मुभा जवळपास नाही, आणि मैदानावर वाढलेल्या अॅश्टनला हा फरक चाळिशीत शिकावा लागला असणार.

या शहराचं आणि त्या युद्धाचं नातंही सरावाच्याच बाजूचं आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन डिसेंबर १९४० मध्ये इथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट, म्हणजे आजची एचएएल, काढली. १९४१ मध्ये तिथे जोडणी होऊन उडालेलं पहिलं विमान लढाऊ नव्हतं. ते हार्लो जातीचं, शिकाऊ वैमानिकांचं विमान होतं. मग युद्ध पूर्वेकडे सरकलं, कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या दुरुस्तीच्या कामाला जुंपला गेला आणि कॅटलिना नावाची पाण्यावर उतरणारी विमानं बेळ्ळंदूरच्या तलावावर उतरू लागली. आज त्या तलावाच्या फेसाच्या बातम्या वाचणाऱ्याला हे खरं वाटणार नाही. याच कारखान्याचा फुटबॉल संघ २०१० पासून दोन हंगाम आय-लीगमध्ये खेळला, हे मात्र इथल्या जुन्या प्रेक्षकांना पक्कं आठवतं.

युद्धात मेलेल्यांची आपण नकळत प्रतवारी लावतो. समोरासमोर पडला तो वीर, आणि सरावात गेला तो बिचारा. ब्रिटिश बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण त्या युद्धात गेले. त्यांतले हजारो शत्रूच्या आकाशात पोचलेच नाहीत, ब्रिटनमध्येच प्रशिक्षणात गेले. त्यांची नावं वेगळी काढलेली नाहीत, सगळ्यांच्या रांगेतच आहेत, आणि ते योग्यच आहे. रात्री, ढगात, नवख्या यंत्रात शिकत राहणं हेसुद्धा युद्धच होतं. उलट मला तर ते जास्त कठीण वाटतं, कारण तिथे मारणारा कुणी नसतो आणि राग काढायलाही कुणी नसतं.

बंगळुरात आलात तर एचएएलचं विमान संग्रहालय बघाच. बहुतेक लोक मिग आणि मरुत या लढाऊ विमानांसमोर फोटो काढून परततात. तुम्ही आधी एचटी-२ शोधा. कोल्हापूरकडच्या विष्णु माधव घाटग्यांच्या नेतृत्वाखाली याच शहरात आखलेलं, दोन आसनांचं, पंख्याचं साधं विमान आहे ते. पुढची कित्येक वर्षं भारतीय हवाई दलातली पोरं पहिल्यांदा उडायला शिकली ती त्यातच.