१९३६ ची जुळवाजुळव

"रात्री उशिरापर्यंत कॉम्प्युटरवर करतोस तरी काय?" असं पुण्याहून आत्याने दोनदा विचारून झालं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. मी बेसबॉलची लीग चालवतो. खरी नव्हे हो! 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' नावाचा गेम आहे, त्यातली. यात बॅट फिरवायची नाही, चेंडू पकडायचा नाही. नुसते तक्ते. आपण खेळाडूंना गुण द्यायचे, संघ बांधायचे, मग कॉम्प्युटर एकेक दिवस पुढे सरकवत सामने खेळतो आणि धावफलक हातात ठेवतो. कारकुनीची हौस असलेल्या माणसाला आणखी काय हवं? :)

यातली खरी गंमत म्हणजे इतिहासातलं हवं ते वर्ष उभं करता येतं. मी १९३६ निवडलं. आधी नियम लावले. मोसमात प्रत्येक संघाचे १५४ सामने, आजच्यासारखे १६२ नाहीत. दोन लीग मिळून १६ संघ, आणि सेंट लुईसच्या पश्चिमेला एकही नाही. पिचरनेही बॅटिंग करायची; त्याच्याऐवजी दुसरा माणूस पाठवायची सोय १९७३ साली आली, ती बंद. करार संपला म्हणून खेळाडूने संघ बदलायचा नाही, मालक विकेल तिथे जायचं. हा प्रकार १९७५ च्या अखेरीपर्यंत चालला. शेवटी त्या वर्षी लीगमध्ये एकूण किती धावा, किती होमरन झाले ते आकडे लावले, म्हणजे गेम त्या काळाच्या बेताने खेळतो. न्यूयॉर्क यांकीजमध्ये लू गेरिग आणि पहिल्याच मोसमातला जो डिमॅजिओ. दोन आठवडे मोठ्या मजेत गेले.

मग संघांच्या याद्या वाचायला बसलो. शेकडो नावं, आणि त्यात जॉश गिब्सन नाही. सॅचेल पेज नाही. कूल पापा बेल नाही. १९३६ साली हे तिघेही इथेच, मी राहतो त्या पिट्सबर्गमध्ये, क्रॉफर्ड्स या संघाकडून खेळत होते. पण तो संघ नीग्रो नॅशनल लीगचा. मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीयांना घ्यायचं नाही हे मालकांनी आपापसांत ठरवलेलं होतं, नियमपुस्तकात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

मला सगळ्यात खटकलं ते हे, की गेममध्ये मी शंभर बटणं बघून बघून लावली, पण 'वर्णभेद' असं बटण मला कुठेच दाबावं लागलं नाही. मोठ्या लीगच्या खऱ्या याद्या घेतल्या की तो आपोआप आत येऊन बसतो. काळाशी प्रामाणिक राहायचं म्हटलं की ती भिंतसुद्धा मीच बांधायची.

ठरवलं, या लोकांना हाताने आत आणायचं. पण गुण किती द्यायचे? मेजर लीग बेसबॉलने २०२० च्या डिसेंबरमध्ये १९२० ते १९४८ मधल्या सात नीग्रो लीगना 'मेजर' दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळले. त्यामुळे कारकिर्दीच्या सरासरीत गिब्सन .३७२ वर पहिला झाला आणि टाय कॉब .३६७ वर दुसरा. पण कॉबची सरासरी अकरा हजारांहून जास्त वेळा बॅटिंग करून आलेली, तर गिब्सनच्या सापडलेल्या नोंदी दोन हजारांच्या थोड्या वर. त्यांचे लीगचे मोसम छोटे, उरलेले दिवस गावोगावी प्रदर्शनीय सामने. कित्येक सामन्यांचे धावफलक छापलेच गेले नाहीत. संशोधकांनी जुनी वर्तमानपत्रं चाळून जमवले तेवढेच आपल्या हाती.

आपल्याकडे पाळवणकर बाळूंना जातीमुळे हिंदू संघाचं कप्तानपद कधी मिळालं नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलना मिळालं. पण बाळूंनी घेतलेले बळी निदान इतरांच्याच धावफलकात आहेत. गिब्सनची वहीच वेगळी होती.

मग दुसरा पेच. गिब्सनला पिट्सबर्ग पायरेट्समध्ये घातला तर कोणीतरी बाहेर जाणार. गिब्सन कॅचर, पायरेट्सकडे त्या वर्षी टॉम पॅडन आणि अल टॉड हे कॅचर. साधी, पोटापुरतं खेळणारी माणसं. इतकी वर्षं मी या भिंतीचा विचार फक्त गिब्सनच्या बाजूने केला होता. यादीतून पॅडनचं नाव काढताना पहिल्यांदा जाणवलं की भिंतीचा फायदा बड्या नावांपेक्षा या बाकावरच्या माणसांना जास्त झाला. गेरिग कुठल्याही लीगमध्ये खेळलाच असता.

मोसम चालवला. गिब्सन होमरनमध्ये दुसरा आला. पुन्हा चालवला, तर पाचवा. म्हणजे यातून सिद्ध काहीच होत नाही. मी दिलेले गुणच फासे टाकून मला परत मिळतात.

लेकीने मात्र मागून डोकावून धावफलक वाचला आणि विचारलं, "बाबा, हे दोघं खरंच एकमेकांविरुद्ध खेळायचे?" तिला शाळेत जॅकी रॉबिन्सन शिकवलाय, १५ एप्रिल १९४७ ही तारीखसुद्धा पाठ आहे. मी सांगितलं, नाही गं, लीगमध्ये कधीच नाही. गिब्सन त्याच वर्षी २० जानेवारीला गेला, पस्तिसाव्या वर्षी. पेजला निदान १९४८ मध्ये क्लीव्हलँडने घेतलं, तेव्हा तो बेचाळिशीचा होता. गिब्सनची कबर इथल्या अ‍ॅलेघेनी स्मशानभूमीत आहे, आणि १९७५ पर्यंत तिच्यावर नावही नव्हतं.

तिला माझी लीग खरी वाटली, हे मला जड गेलं. म्हणून आता दोन फाइली ठेवल्यात. एक दुरुस्त केलेली, तीच मी रोज चालवतो. दुसरी १९३६ ची जशीच्या तशी, भिंतीसकट. ती पुसायची नाही असं ठरवलंय. लेकीला पहिली दाखवायची तर आधी दुसरी उघडायची, आणि पायरेट्सची यादी तिलाच वाचायला लावायची.