भिंतीवरचे देणे

नारायण पेठेतला आमचा वाडा पाडावयाचा ठरला आणि तीन पिढ्यांचा संसार आठ दिवसांत गोण्यांत भरण्याची वेळ आली, तेव्हा देव्हाऱ्याच्या खणातून युद्धकाळातला भोकाचा पैसा निघाला, माळ्यावरून वाळवीने चाळण केलेली पंचांगे निघाली. परंतु माजघरातले सागवानी कपाट हमालांनी बाजूस सारले आणि मागची भिंत पाहून मी हातातली दोरी खाली ठेवली.

इतर भिंतींवर वर्षानुवर्षे चुन्याचे हात बसत गेले होते. कपाटाआडची ही तेवढी सुटली होती. खांद्याच्या उंचीवर गाळाची आडवी, तपकिरी रेघ होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे, आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले, त्या दिवसाची ती रेघ.

रेघेखाली शिसपेन्सिलीने लिहिलेल्या मोडी ओळी होत्या. आजोबा कचेरीत अव्वल कारकून. त्यांचे हस्ताक्षर मला ओळखता आले, वाचता आले नाही. मोडी अवगत असलेले आळीतले एक वृद्ध गृहस्थ भिंतीशी उभे राहून एकेक ओळ उलगडू लागले. पायलीभर जोंधळे. दोन घोंगड्या. लुगडे एक. प्रत्येक जिन्नसापुढे देणाराचे नाव आणि परत पावते झाल्यावर मारलेली काट. घरातले सारे दप्तर भिजून त्याचा लगदा झालेला. देण्याची नोंद ठेवावयाला आजोबांपाशी भिंतीखेरीज कागद उरला नव्हता. पुराविषयी ते आम्हां मुलांशी कधी अवाक्षर बोलले नाहीत. मला ते रुक्ष वाटत, आणि तसे वाटल्याचे त्या क्षणी मला फार लागले.

एकाच ओळीवर काट नव्हती. 'तांब्या, पितळी, एक.'

आमच्या घरी देवाचे पाणी ज्या तांब्यातून येई, त्याच्या गळ्याशी कोरलेले नाव आमचे नव्हते; आजीच्या माहेरचे असावे, असे आम्ही आजवर धरून चाललो होतो. गोणी सोडून तो भिंतीशी आणला. नाव तेच. समोरच्या वाड्यातले ते कुटुंब पुरानंतर गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत गेले, एवढेच आईच्या कानावर होते.

खाली सामान चढत होते. तांब्या मी पुन्हा गोणीत घातला नाही. चिंच लावून घासला, कोरडा केला, आणि आजोबांच्या उपरण्यात गुंडाळून गोखलेनगरची वाट धरली.