पाच मिलिमीटरचा दणका

उजव्या खांद्याखाली तळहाताएवढा काळानिळा डाग बघून बायकोनं विचारलं, "बार डुकरांसाठी काढता की स्वतःसाठी?" दोन आठवड्यांत तिसऱ्यांदा तोच डाग. बेळगावच्या डॉक्टरांनी खांदा आखडलाय म्हणून सांगितलंच होतं, त्यात ही भर.

चंदगड तालुक्यात आमचं रान जंगलाला चिकटून आहे. वर काजू, खाली भात आणि मधल्या लाल मातीच्या तुकड्यात रताळी. रताळी म्हणजे डुकरांना पंगतच. एका रात्रीत वरंबेच्या वरंबे उलथून टाकतात. खातात थोडं, नासतात फार. गवे निदान चरून आपल्या वाटेनं जातात. टस्कर हत्ती फिरकला तर बंदुकीला हातच लावायचा नाही, वनखात्याला फोन करून घरात बसायचं. डुकराला मात्र आवाजाचा धाक असतो. म्हणून वडिलांनी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर एकनळी बारा बोअर घेतली होती. ते गेले, मी कागदपत्रांचे खेटे घातले आणि ती माझ्या नावावर झाली. मारायला नव्हे. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली. पीक खाणारं डुक्कर मारायचं तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. मी आभाळाकडं तोंड करून बार काढतो, एवढंच.

वडील सत्तरी ओलांडल्यावरही हीच बंदूक चालवायचे आणि खांदा दुखतो असं कधी म्हणाले नाहीत. मला वाटायचं, जुनी हाडं.

टेक्सासातल्या भाच्याला फोनवर हे सांगितलं आणि त्याला विषयच मिळाला. तो तिकडं हरणं आणि रानडुकरं मारतो. तिथं 2019पासून खासगी जमिनीवर, मालक हो म्हणाला तर, रानडुकरासाठी शिकारीचा परवानाही लागत नाही. आपल्याकडं तेच जनावर वन्यजीव कायद्याच्या 2022च्या दुरुस्तीनं दुसऱ्या अनुसूचीत आहे. असो. "मामा, शॉर्ट ॲक्शन बघा," तो म्हणाला. म्हणजे काय, तर काडतूस आखूड, म्हणून बोल्ट मागं ओढायचा पल्ला आखूड, म्हणून रायफल सुटसुटीत. जुन्या .30-06चं भरलेलं काडतूस 85 मिलिमीटरच्या आसपास, 1952च्या .308चं 71. त्याच .308ची मान आवळून 1955 साली .243 निघाली आणि 1980 साली 7 मिमी-08. पण रायफल हलकी झाली की दणका वाढतो, मग गोळीही हलकी घ्यायची. .243ची 100 ग्रेनची गोळी साडेसहा ग्रॅमची भरते. त्यानं महिनाभर खल करून 7 मिमी-08 घेतली, कारण .243 त्याला डुकरासाठी जरा कमी वाटली आणि .308 खांद्याला जास्त.

ऐकायला मजा आली. पण मला हवेत बार काढायचा असतो, आणि रायफलची गोळी हवेत सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. ती दोन-तीन किलोमीटरवर कुणाच्या कौलांवर उतरेल, कोण सांगणार? वस्तीजवळ राखणीला रायफल नकोच.

शेवटी बंदूक गवसणीत घातली, परवाना खिशात ठेवला आणि एसटीनं कोल्हापूर गाठलं. तिथं एक जुने मिस्त्री आहेत. दस्त्याला रबराची गादी बसवून मागायची, एवढाच माझा बेत होता. मिस्त्रींनी बंदुकीआधी विचारलं, "रिकामं काडतूस आणलंय?"

कोटाच्या खिशात एक निघालं. त्यांनी ते उजेडाकडं धरलं. तोंडाची कड चुरगळून फाटली होती, जळालेल्या कागदासारखी. मग पट्टी लावली. 70 मिलिमीटर. बंदूक मोडून, पुढचं लाकूड काढून नळी उलटी केली, बोटानं तेल पुसलं आणि खोदलेले आकडे दाखवले. अडीच इंच. "हे 65चं घर आहे," ते म्हणाले, "आणि तुम्ही 70 घालताय."

मी म्हटलं, "पण बसतं की!" बसतं, हीच तर गोम. काडतुसाच्या अंगावर लिहिलेली लांबी ते उडून उघडल्यानंतरची असते. भरलेल्याचं तोंड दुमडलेलं, म्हणून 70चंही गुपचूप आत जातं. बार उडाला की दुमड उघडू बघते, पण तिला तिथं जागा नसते. ती नळीच्या निमुळत्या गळ्यात शिरते, छर्ऱ्यांची वाट आवळली जाते आणि आतला दाब चढतो. तो दणका मी खांद्यावर घेत होतो. "नळी जुनी आहे. खांद्यावर भागलं म्हणायचं," मिस्त्री म्हणाले.

मग उलगडा झाला. वडिलांच्या ट्रंकेतली खोकी 65ची होती. ती संपल्यावर मी दुकानात जाऊन ऐटीत "बारा बोअरची एलजी द्या" म्हणालो. त्यांनी लांबी विचारली नाही, मी सांगितली नाही.

एलजीचंही खूळच. एलजी म्हणजे मोठा छर्रा, आणि मोठा छर्रा म्हणजे मोठी बंदूक, असा आमच्याकडं समज. मिस्त्री हसले. छर्रा मोठा की बारीक यानं धक्का बदलत नाही. एकूण शिसं किती, ते किती जोरात सुटतं आणि बंदूक किती वजनाची, यावर सगळं. पण वर उडवलेली एलजी खाली येते तेव्हा शेजाऱ्याच्या खोपीवर गारांसारखी वाजते, बारीक छर्रा नुसता भुरभुरतो. म्हणून खडकीच्या कारखान्यातली शक्तिमान घेतली, 65 मिलिमीटर, 6 नंबर. परवान्यावर नोंद करून घेतली. गादीही बसवली, आलोच होतो तर.

त्याच आठवड्यात अमावस्येला राखणीला बसलो. अडीचच्या सुमाराला ओढ्याकडून घुरघुर आली. दस्ता खांद्यात घट्ट रोवला, दात आवळले आणि चाप ओढला. आवाज तोच, डोंगरावरून दोनदा फिरून आला. खांद्याला मात्र कुणी ओळखीच्यानं मागं सरक म्हणावं, तेवढाच धक्का.

सकाळी बायकोनं आधी खांदा बघितला. डाग नव्हता. मग ती टोपली घेऊन रानात गेली आणि तिथूनच हाक मारून सांगितलं की ओढ्याच्या अंगाचे दोन वरंबे गेले.