लोरीनामा

झोप येत नाही अशी तक्रार आमच्या घरांत कुणी केली की उपाय सांगणारे दहाजण पुढे येतात. तळपायाला तेल चोळा, दुधात खसखस घाला, दुआ पढून दम केलेलं पाणी प्या. अलीकडे त्यात गोळीची भर पडली आहे. संगीत ऐका, असं मात्र कुणी सांगत नाही.

माझ्या अम्मीची झोप 2021 साली गेली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अब्बा वारले. चाळीस वर्षं शेजारी कुणाच्या तरी घोरण्याची सवय झालेली बाई. "घर बहुत चुप हो गया रे," असं म्हणायची. तसं आमचं केडगाव रात्री चूप नसतं. नेप्तीच्या कांदा बाजाराचे ट्रक बायपासवरून जातात, मध्येच रेल्वेची शिटी होते. हे आवाज तिला दचकवायचे. जो हवा होता तो मात्र नव्हता. डॉक्टरांनी गोळी दिली. फजरला उठताना पाय लटपटतात म्हणून तिला तिची भीती वाटू लागली, तेव्हा डॉक्टरांनीच हळूहळू ती कमी करत आणली.

मग ती मोबाईलवर बयान ऐकू लागली. बयान चांगली असतात, पण ती माणसाला जागं करण्यासाठीच असतात! अम्मी दोन वाजेपर्यंत ऐकायची आणि सकाळी मला जकातीचा एखादा मसला विचारायची.

पुढे वाचनात आलं की 2008 साली बुडापेस्टमध्ये झोपेची तक्रार असणाऱ्या 94 विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग झाला होता. काहींना झोपताना पाऊण तास संथ अभिजात संगीत, काहींना ध्वनिमुद्रित पुस्तक, बाकीच्यांना काहीच नाही. तीन आठवड्यांनी संगीतवाल्यांची झोप सुधारली, पुस्तकवाल्यांची नाही. 2022 साली अशा 13 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या; त्यांत हजारावर माणसं होती. झोप चांगली लागते असं ऐकणाऱ्यांना वाटतं, एवढं त्यातून बऱ्यापैकी दिसतं. यापुढचे दावे करणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

मी अम्मीच्या उशाशी तंबोरा लावून पाहिला. मोबाईलवरचाच, अगदी बारीक आवाजात. त्याला शब्द नाहीत, ठेका नाही, मनाला पकडून ठेवेल असं काहीच नाही. मिरजेच्या ज्या शिकलगारांचे पूर्वज हत्यारांना धार लावायचे, त्यांच्याच हातून हे वाद्य घडत आलं आहे. त्याच मिरजेत, ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात, अब्दुल करीम खाँसाहेब विसावले आहेत. हे सगळं मी अम्मीला कौतुकाने सांगणार, तोच ती म्हणाली, "फ्रिज बिघड्या क्या देख."

तंबोरा बंद केला. पण प्रश्न फ्रिजचा नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाजा ऐकत झोपायचं, ही गोष्ट तिच्या मनाला पटत नव्हती. मी वाद घातला नाही. एदिर्ने शहरात सुलतान दुसऱ्या बायजीदाने 1488 साली बांधलेल्या दवाखान्यात रुग्णांसाठी गायक-वादक येत. सतराव्या शतकातला प्रवासी एवलिया चेलेबी लिहितो की आठवड्यातून तीनदा येत. हे तिला सांगून उपयोग नव्हता. तुर्की सुलतानाचं काय, तो काहीही करेल! इमाम गझालींचं मात्र सांगितलं. 'इह्या'मधल्या समाच्या प्रकरणात त्यांनी वाद्यांवर अटी घातल्या आहेत. पण पाळण्यातलं मूल गोड आवाजाने शांत होतं आणि दमलेला उंट हुदा ऐकून ओझं विसरतो, हेही तिथेच लिहिलं आहे. अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बच्चे का तो सच है. तुझे क्या मैं ऐसेच सुलाई?"

तिची लोरी मी विसरलो होतो. तिने ती तिच्या आईकडून, आईने जात्यावर ऐकून घेतलेली. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत बायकांच्या ओठी बसावीत अशी दखनी पदं रचली गेली. दळतानाचा चक्कीनामा, सूत काततानाचा चरखानामा, मूल निजवतानाचा लोरीनामा. रिचर्ड ईटन या अभ्यासकाने 1974 साली त्यांवर लेख लिहिला. शाळेत आम्ही मीर आणि गालिब शिकवतो, आणि शिकवायलाच हवेत; पण ही पदं आमच्या उर्दूच्या पाठ्यपुस्तकात मला कधी भेटली नाहीत. दखनीला 'बिगडी हुई उर्दू' म्हणणारे आमच्यातच पुष्कळ आहेत. अम्मीची लोरी त्या परंपरेतलीच आहे असं मी म्हणत नाही. पण चाल तीच असावी असं वाटतं, दोन-तीन सुरांत फिरणारी, जात्यासारखी पुन्हा पुन्हा तिथेच येणारी.

आता ईशानंतर माझा धाकटा तिच्याजवळ झोपतो. ती थोपटत लोरी म्हणते. आवाज फाटका झाला आहे, शब्दही मधले गाळते. सगळ्याच रात्री जमत नाही. अब्बांच्या बरसीच्या आठवड्यात ती पुन्हा रात्रभर बसून होती. पण परवा ताटं उचलून मी आत डोकावलो, तर पोरगा टक्क जागा. ओठांवर बोट ठेवून मला म्हणाला, "दादी सो गई."