श्टायर : दोन नद्यांच्या संगमावरचा कारखाना

ऑस्ट्रियातल्या लिंझहून निघून सेंट व्हॅलेंटिनला गाडी बदलली, की एन्स नदीच्या खोऱ्यातून रेल्वे श्टायरला पोचते. स्टेशनातून उतरून पूल ओलांडला की समोर जुने गाव. एन्स आणि श्टायर या दोन नद्या इथे भर गावात एकमेकींना मिळतात. वर कड्यावर लांबेर्ग किल्ला. दक्षिणेच्या एर्झबेर्ग डोंगरातले लोखंड शतकानुशतके एन्सच्या खोऱ्यातून इथे येत असे. १२८७ च्या सनदेने लोखंडाच्या व्यापाऱ्यांना आपला माल या गावात विक्रीस मांडणे भाग पाडले. चौकातली उंच, देखणी घरे त्या व्यापाराच्या पैशाने उभी राहिली.

चौकातून मी व्हेरग्राबेनकडे वळलो. श्टायर नदीतून काढलेल्या या पाटाच्या काठी चाकू घडवणारे आणि धार लावणारे कारागीर काम करत. चाके पाण्यावर फिरत. याच गावात १८६४ मध्ये योझेफ व्हेर्न्डलने शस्त्रांचा कारखाना उभारला. अमेरिकेतल्या कारखान्यांत त्याने यंत्रांवर हुबेहूब सारखे सुटे भाग तयार होताना पाहिले होते. १८६६ मध्ये क्योनिगग्रेट्झला प्रशियाच्या मागून भरायच्या बंदुकांपुढे ऑस्ट्रियाची फौज हरली आणि पुढच्याच वर्षी सैन्याने व्हेर्न्डलची बंदूक स्वीकारली. पुढे मानलिखरच्या रायफली आल्या आणि कामगारांची संख्या दहा हजारांपलीकडे गेली. व्हेर्न्डलने कामगारांसाठी घरे बांधली. १८८४ मध्ये पाण्यावर निर्माण केलेल्या विजेने इथले रस्ते उजळले. प्रोमेनेडवर त्याचा पुतळा आहे, आणि पायथ्याशी त्याचे कामगार.

बंदुकांची मागणी मात्र युद्धाच्या भरतीओहोटीवर चाले. म्हणून १८९४ पासून हेच हात 'वाफनराड' सायकली बनवू लागले. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने शस्त्रनिर्मितीवर कडक बंधने आणली, तेव्हा कारखाना हान्स लेडविंका या अभियंत्याने आखलेल्या मोटारगाडीकडे वळला. १९३४-३५ मध्ये ऑस्ट्रो-डाइम्लर आणि ग्राझच्या योहान पुकचा उद्योग यांच्याशी मिळून 'श्टायर-डाइम्लर-पुक' हा समूह झाला. 'हीरो पुक' मोपेडवरून फिरलेल्या आपल्याकडच्या पिढीला त्यातले शेवटचे नाव परके वाटणार नाही.

१९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला आणि समूह युद्धयंत्रणेला जुंपला गेला. आधी माउटहाउझेन छळछावणीतून कैदी कामाला आणले जात. १९४२ मध्ये म्युनिखहोल्झला छावणीच उभी राहिली. किल्ल्याखालचा हवाई हल्ल्यांपासून बचावाचा बोगदा अशाच सक्तीच्या मजुरांनी खोदला. २०१३ पासून तिथे कायमचे स्मृतिप्रदर्शन आहे. बाहेर कितीही ऊन असो, आत गारठा असतो. भिंतीवरचे चेहरे स्पेन, पोलंड, फ्रान्समधून आलेल्या माणसांचे. पुतळ्याच्या पायथ्याशी कामगाराला मान देणाऱ्या गावात, त्याच उद्योगासाठी, माणसे मरेपर्यंत राबवली गेली. प्रदर्शनात हे वाचताना माझे पाय जड झाले.

युद्धानंतर ट्रॅक्टर आले, डोंगरी रस्त्यांवर चढणारी 'हाफ्लिंगर' आणि 'पिंट्सगाउअर' ही वाहने आली, मर्सिडीजबरोबर ग्राझची जी-वॅगन आली. १९७७ मध्ये ऑस्ट्रियन सैन्याने या समूहाची 'आउग' रायफल घेतली. पुढे समूह विखुरला: ट्रक 'मान' कंपनीकडे, ट्रॅक्टर 'केस' कंपनीकडे, ग्राझचा वाहन कारखाना 'मॅग्ना'कडे गेला. गावात आज बीएमडब्ल्यू इंजिने बनवते, आणि व्हेरग्राबेनच्या जुन्या कारखान्यात १९८७ पासून श्रमिकांच्या जगाचे संग्रहालय आहे.

लोखंड तेच, पाणी तेच, हात तेच. त्यातून नळी घडवायची की सायकलची चौकट, आणि कारागिराला मजुरी द्यायची की साखळी, हे कारागीर ठरवत नाही. ते मालक आणि राज्यकर्ते ठरवतात. म्हणून त्यांनाच जाब विचारला पाहिजे. श्टायरने पुतळाही राखला आणि बोगदाही उघडला, याचा मला मनापासून आदर वाटतो. चौक पाहून कुणी परतू नये. बोगद्यात जावे, मगच या गावाचा इतिहास पुरा कळतो.