भीतीची आगाऊ चौकशी

खोपोलीच्या इमॅजिका या करमणुकीच्या बागेत जायचं ठरलं, की निघायच्या आठवडाभर आधीपासून घरात भीतीची चौकशी सुरू होते. तिकिटं काढून झालेली असतात, टोप्या सापडलेल्या असतात. राहिलेला प्रश्न एकच असतो: तिथला नायट्रो हा रोलर कोस्टर खरंच किती भीतिदायक आहे? थोरला मामेभाऊ म्हणतो, "अगं, काही नाही, दोन मिनिटांचा खेळ." मामी म्हणतात, "मी तर डोळेच उघडले नाहीत." आता या दोन साक्षींवर कुठलं न्यायालय निकाल देणार? एकाला आपण घाबरलो होतो हे लपवायचंय, दुसरीने काही पाहिलेलंच नाही.

मग पोरं आकड्यांकडे वळतात. उंची सुमारे 40 मीटर, वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर, वाटेत पाच वेळा डोकं खाली पाय वर. शिवाय गाडीला तळच नाही, पाय हवेत लोंबकळतात. आकडे ऐकून धाकटीच्या पोटात गोळा येतो. मला मात्र त्या वेगाच्या आकड्याची गंमत वाटते. आपल्याला खोपोलीला नेणारी मोटार द्रुतगती मार्गावर जवळपास त्याच वेगाने धावत असते आणि मागच्या सीटवर आजोबा तोंड उघडं टाकून घोरत असतात. शरीराला वेग कळतच नाही, कळतो तो वेगातला बदल. कानाच्या आत, मेंदूला तोल कळवणाऱ्या इवल्याशा पिशव्यांमध्ये बारीक स्फटिककण असतात. वेग वाढला, घटला, बसलेली जागा अचानक खाली गेली, की ते कण सरकतात आणि वर्दी जाते. सरळ रस्त्यावर एका चालीने धावणाऱ्या गाडीत त्यांना कळवण्यासारखं काही नसतं.

फ्लोरिडातल्या डिस्नीच्या बागेत 1975 साली सुरू झालेला 'स्पेस माउंटन' हा पाळणा ताशी फार तर 45 किलोमीटरने जातो. आपल्याकडची रिक्षासुद्धा तेवढी पळते. तरी लोक तिथे जिवाच्या आकांताने ओरडतात, कारण सगळा प्रवास बंद घुमटात, अंधारात होतो. पुढचं वळण डावीकडे की उजवीकडे, उतार कधी सुरू होणार, काहीच दिसत नाही. दिसत असतं तेव्हा माणूस नकळत अंग आवळून तयार होतो. अंधार ती तयारी काढून घेतो. उंची आणि वेग यांच्या तक्त्यात अंधाराला रकाना नसतो.

उलटं होण्याची तर भीतीच्या बाजारात फाजील किंमत आहे. खालून पाहणाऱ्याला वाटतं, आता ही माणसं टपाटप पडणार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लोकांना उलटं फिरवणारं एक वेटोळं होतं, ते अगदी वाटोळं होतं आणि बसणाऱ्यांच्या मानांची पुरती वाट लावायचं. त्या वाटोळ्यात शिरताना शरीरावर भार एकदम येतो. पुढे 1976 साली कॅलिफोर्नियात 'रेव्होल्यूशन' सुरू झाला. त्याचं वेटोळं थेंबासारखं होतं, खाली पसरट आणि वर निमुळतं. त्या आकारामुळे भार हळूहळू चढतो आणि माथ्यावरही माणूस सीटमध्ये दाबलेलाच राहतो. म्हणजे फोटोत सगळ्यात भयंकर दिसणारी जागा अंगाला बरीच सोसवते. खरा दगा देतो तो एखादा साधा, बुटका उंचवटा. तिथे गाडी खाली वळते, तुम्ही मात्र क्षणभर वरच जात राहता, सीट आणि तुम्ही यांच्यात बोटभर हवा शिरते आणि आतडी कुठे आहेत ते पहिल्यांदाच नीट समजतं. उंचवट्याचा फोटो कोणी काढत नाही.

मोबाइलवरचे व्हिडिओही असेच फसवे. कॅमेऱ्याला पोट नसतं. पाहणारा पंख्याखाली, सोफ्यावर, हातात चिवड्याची वाटी घेऊन बसलेला. त्याला रूळ दिसतात, आरोळ्या ऐकू येतात आणि तो म्हणतो, हात्तिच्या, एवढंच!

मोठ्यांचा एक पेटंट सल्ला असतो: "मागे बस, मागे कमी भीती वाटते." एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून घाट उतरलेल्या माणसाने तरी हा सल्ला देऊ नये. गाडीचं नाक माथ्यावरून खाली झुकतं तेव्हा ती अजून संथ असते. शेवटचा डबा माथ्यावर पोचेतो पुढच्या डब्यांचा भार तिला खेचू लागलेला असतो आणि मागचे लोक माथ्यावरून अक्षरशः ओढले जातात. पुढच्यांना दिसतं जास्त, मागच्यांना बसतं जास्त. ज्याची भीती डोळ्यांत आहे त्याने मागे बसावं, ज्याची पोटात आहे त्याने पुढे.

गाडी चढावर असताना येणाऱ्या खटखट आवाजाने भलेभले गप्प होतात. जुन्या धाटणीच्या पाळण्यांवर तो फार स्पष्ट येतो. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खटक्यांचा तो आवाज. ज्या आवाजाने धडकी भरते, तोच आवाज तुम्हाला धरून असतो.

जत्रेतल्या आकाशपाळण्याची भीती मात्र वेगळ्या जातीची. तिथे प्रश्न पोटाचा नसतो, नटबोल्टचा असतो. वर गेल्यावर पाळणा थांबतो, खाली माणसं चढत-उतरत असतात, कुठेतरी करकर वाजतं आणि आपण त्या लोखंडाच्या जोडाकडे पाहत राहतो. मौत का कुआँमध्ये तर लाकडी फळ्या गाड्यांच्या धक्क्याने हलतात आणि बघे ज्या कडेवर उभे असतात तीही हलते. ही भीती संशयाची आहे आणि तो पुष्कळदा रास्त असतो. बागेतल्या पाळण्यात आपण तो संशय दारातच तिकिटाबरोबर जमा करतो. यंत्र टिकेल हे गृहीत धरल्यावर जी उरते तिला मी चैनीची भीती म्हणते. म्हणून जत्रेत बिनधास्त चढणारी माणसं इथे गारठतात आणि जत्रेला नाक मुरडणारी इथे दोनदा रांगेत उभी राहतात.

तेव्हा "किती भीतिदायक?" हा प्रश्न सोडून द्यावा. पडतं का, फिरतं का, अंधार आहे का, एवढं विचारावं. फिरणाऱ्या पाळण्यांबद्दल चाळिशीनंतर जरा जास्तच बारकाईने विचारावं, कारण त्या वयात अनेकांना पडणं झेपतं, गरगरणं नाही. बाग स्वतः तर याहून साधा हिशोब करते. दारावरच्या पट्टीला तुमची उंची हवी असते, छाती किती आहे हे ती विचारत नाही. आणि सगळ्यात भरवशाचा पुरावा बाहेर पडायच्या वाटेवर मिळतो. उतरून येणाऱ्यांचे चेहरे पाहावेत. ओरडणाऱ्यांचे सोडा, गप्प असलेल्यांचे पाहा.

प्रत्येक कुटुंबात एक जण पिशव्या, चष्मे आणि चपला सांभाळत खाली उभा राहतो. सगळे त्याला भित्रा समजतात. पण वेटोळ्यातून गाडी उलटी जाताना पोटच्या पोराची चप्पल हातात धरून वर पाहणं, हे वर बसलेल्या कुणालाच करावं लागत नाही. वरचे उतरतात तेव्हा त्यांचे केस विस्कटलेले असतात आणि चेहरे उजळलेले. खालचा घामाने भिजलेला असतो. लगेच पुढच्या फेरीची घाई होते आणि पिशव्या आता कोणी धरायच्या यावरून भांडण जुंपतं.